बंगलोर ते नागपूर, पावणेदोन तास

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो.

माझ्या पुतणीचं लग्न सौसरला होतं. थोरले भाऊ गेल्यापासून त्या घरचं मीच पाहायचो. पुतणीचा भाऊ बंगलोरला नोकरीत. त्याला हे स्थळ पसंत नव्हतं आणि ते त्यानं सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं होतं. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी यायचं त्यानं ठरवलं. प्रवासाचं विचारलं मात्र त्यानं मला, कारण आमच्या वडीलधाऱ्यांत विमानात बसलेला मी एकटा. बसलो होतो एकदाच, पण आमच्या पांढुर्ण्यात त्यावर मी पुष्कळ भाव खाल्ला होता.

"काकाजी, आदल्या दिवशी यायचं म्हणतो. पण सुट्टीसाठी साहेब कटकट करून राहिला."

"मंग आदल्या दिवशी कायले? सकाळचं विमान पकड. पावणेदोन तासात नागपूर. मुहूर्त दुपारचा आहे. आरामात येशील."

पावणेदोन तास खोटे नव्हते. पण ते विमान उडाल्यापासून उतरेपर्यंतचे. बंगलोरात घरून विमानतळ गाठायलाच तेवढा वेळ जातो, तिथे रांगा असतात, विमान उशिरा सुटतं, पुढे नागपूरहून सावनेरवरून सौसरचा रस्ता असतो. यातलं काहीच मी धरलं नाही. माझ्या प्रवासात मुलानं मला हाताला धरून नेलं होतं. मी फक्त खिडकीतून ढग पाहिले होते.

माझं ऐकून सकाळच्या विमानानं निघालेला पुतण्या कानपिळीची वेळ आली तरी पोचला नव्हता. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो.

"नवरीचा भाऊ ढगात अडकला का जी?" वराकडची एक बाई म्हणाली.

"अडकला नाही, रुसला!" दुसरी म्हणाली. मांडव हसला. शेवटी लोधीखेड्याच्या मावसभावानं कान पिळला.

पुतण्या पोचला तेव्हा पंगती उठत होत्या. "तुले यायचंच नव्हतं," बहीण एवढंच बोलली आणि तोंड फिरवलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यानं तेव्हा घेतलं नाही, पुढेही नाही. मी बुंदी वाढत होतो. वाढतच राहिलो.

बहीण-भावाचं बोलणं तुटलं. राखीही जाईना.

यंदा पुतणीच्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं. बाळाला मांडीवर घ्यायला मामा हवा. "मावसभावाले सांगते," ती म्हणाली, आणि माझ्यानं राहवेना.

"लग्नाले तो आदल्या दिवशीच येणार होता, बाई. सकाळी ये, असं मीच म्हटलं त्याले."

ती सुपातले तांदूळ विसरली. "मंग इतकी वर्षं बोलले काहून नाही, काकाजी?"

तिनं मला पोटभर सुनावलं, डोळे पुसले आणि तिथूनच फोन लावला. "दादा, जावळाले दोन दिवस आधी ये. आन् विमानाचं काकाजीले विचारू नको!" पलीकडचं हसू मलाही ऐकू आलं.

तो आला. भाचा त्याच्या मांडीवर भोकाड पसरून रडला, आणि बहिणीनं भावाच्या सदऱ्यावरचे केस झटकले.

संध्याकाळी अंगणात आम्ही दोघंच होतो. "बेटा, त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"काकाजी, संत्र्याले बहार कसा आहे औंदा?" त्यानं विचारलं.

मी बहाराचं बोलत बसलो. बोलायचं होतं ते इतकंच होतं: बेटा, चूक माझी होती आणि बोलणी तू खाल्लीस. मला माफ कर.