भादव्याचं ढेकूळ

आमच्या मोताळ्याकडच्या गावात आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं कोरी घागर भरतात आणि ती चार ढेकळांवर ठेवतात. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन अशी ढेकळांची नावं. घागर रात्रभर पाझरते. सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस जास्त. बाबा पेरणीचे सगळे बेत त्यावरच करायचे. लहानपणी मी एकदा श्रावणाला नुसतं बोट लावलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

त्या वर्षी भादव्यात माझाही जीव अडकला होता. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी, वर्षातून एकदाच अर्ज घेतात, सप्टेंबरात, म्हणजे ऐन भादव्यात. तिकडची परीक्षा मी पास झाले होते. तिथल्या दवाखान्यात काम केल्याचं पत्र मात्र नव्हतं. वर्षभर थांबले तर ते मिळालं असतं, पण पदवी जुनी झाली की तिकडचे लोक नाक मुरडतात. दिवसभर सरकारी दवाखान्यात खोकल्याची औषधं लिहायची आणि संध्याकाळी यंदा की पुढच्या वर्षी हेच घोळवत बसायचं, असं चाललं होतं. खरं तर पत्र हे निमित्त होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. बाबा एकटे जेवायला बसलेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझं डोकंच चालेनासं व्हायचं.

आखजीला आईच्या नावाची घागर भरली. दुपारी आमरस जेवून मी निंबाखाली खाटेवर पडले. उन्हानं सगळं गाव मुकं झालं होतं. डोळा लागला की कपाशीचं शेत दिसायचं, पांढरंशुभ्र. बोंडं फुटलीत की बर्फ पडलाय, ते कळत नव्हतं, आणि मी कुणाला तरी हाका मारत धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालले होते. जागी झाले तर बाबा शेजारी बसून पंख्यानं माझ्या अंगावरच्या माश्या वारत होते.

अर्धवट झोपेतच मी म्हणाले, "बाबा, भादवा भिजला तर यंदाच अर्ज भरते. नाही तर पुढच्या वर्षी."

"डाक्टर हायस का जोशी वं तू?" ते हसले.

सकाळी पाहिलं तर तीन ढेकळं जेमतेम ओलसर. भादव्याचा मात्र पार चिखल झालेला, घागर त्या बाजूला कललेली. जवळच गडू पालथा पडला होता. बाबा निंबाची काडी चावत भलतीकडेच बघत होते.

"बाबा, तुम्ही पाणी टाकलं ना?"

"म्या कायले टाकू? घागर तुह्या मायच्या नावाची हाय. तिले इचार."

मला आधी रागच आला. मग रडू आलं, आणि ते आवरेना. माझ्यासाठी त्यांनी स्वतःचा वर्षाचा पावसाचा कौल बुडवला होता.

तोंड धुऊन, टोपी घालून ते शेजाऱ्याच्या अंगणात गेले. दुसऱ्याच्या ढेकळांना पाऊस विचारायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. थोड्या वेळानं परत आले.

"त्याच्याकडं भादवा कोरडा हाय," चप्पल काढत ते म्हणाले. "माह्या कपाशीचं मी पाह्यतो. तू आपला फारम भर."