कापसावर बसून काढलेला नक्शा

त्या दिवसांत मोठ्या मायच्या घरात बसायला जमीन उरली नव्हती. पहिल्या वेचणीचा कापूस ओसरीतून माजघरापर्यंत छातीइतका लागला होता आणि मी लॅपटॉप घेऊन त्याच्यावरच चढून बसत असे. कापसावर बसलं की आवाज मरतात. बाहेर बैल घुंगरं हलवतो, कोणी कोणाला हाक मारतं, पण ते सगळं दुसऱ्याच गावात चालल्यासारखं वाटतं. कौलांच्या फटींतून दुपारचं ऊन सुतासारखं खाली यायचं, त्यात तंतू तरंगायचे, आणि मी काय करायला बसले होते हेच मिनिटभर विसरायला व्हायचं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही आदिलाबादला, वडील नोकरीत. शेत आणि मोठी माय तिथून बसनं तासाभरावरच्या गावात. मी पत्रकं लिहिते. रस्ता, शाळा, दवाखाना, मराठीचा मास्तर, जे अडलं असेल त्यावर, एका पानात, ठळक अक्षरांत. या वेळी अडली होती आमचीच वाट.

नाल्यापलीकडच्या शेतांना एक पांदण जाते. बैलगाडी जाईल एवढी, दोन्ही बाजूंनी बोरी. त्या वर्षी तिच्या लगतची जमीन बाहेरच्या एकानं घेतली आणि पांदणीवर आडवी तार ठोकली. विचारायला गेलो तर म्हणाला, "नक्शे में रास्ता दिखाओ, तार निकालता." महसूल ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या नक्शात पांदण नव्हतीच. पिढ्यान् पिढ्या गाड्या गेल्या, चाकोऱ्या गुडघाभर खोल पडल्या, पण नक्शात नाही म्हणजे नाही! दुसरी वेचणी पलीकडं झाडावर फुटून उभी होती. मोठी माय बांधाबांधानं डोक्यावर गाठोडी आणत होती, दिवसाला दोन. तिच्या मानेला सूज आली होती. एखादा अवकाळी शिडकावा आला असता तर उरलेला कापूस झाडावरच काळा पडला असता.

आम्ही अर्जी दिली. पेशी लागली सोमवारची. तिथल्या बाबूनं एवढं मात्र सांगितलं की निजामाच्या वेळचा गावनक्शा मिळतो, त्याच्यावर तुमची वाट बसवून आणा, मग बोलू. नक्शाची नक्कल मिळवली. तिच्यावर नाल्याला कापून जाणाऱ्या दोन तुटक रेघा होत्या आणि शेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मग मोबाइल वाट मोजत राहील अशी सोय करून मी मोठ्या मायच्या मागं ती पांदण चालून आले. तारेशी आम्ही वाकून खालून गेलो.

आता दोन्ही एकावर एक ठेवायचं. माझी एक मैत्रीण हैदराबादला प्रोग्रॅम लिहायचं काम करते. तिनं गावाच्या हद्दीच्या चार दगडांवर जुना नक्शा ताणून बसवणारा छोटा प्रोग्रॅम लिहून पाठवला. "फक्त एक लायब्ररी टाकून घे," ती म्हणाली. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. कोणी कोणी आधीच लिहून ठेवलेलं काम असतं, ते आपल्या प्रोग्रॅमला मागून घेता येतं. ही नक्शांची होती. मैत्रीण स्वतः बहिणीच्या लग्नात अडकलेली, हाताशी नुसता फोन. म्हणजे टाकायची मीच.

शनिवारी दुपारी बसले. गावात नेटवर्क एकाच जागी यायचं, आढ्याखाली. म्हणून माझा फोन दोरीनं आढ्याला टांगला होता. त्याच्यावरच लॅपटॉपचं इंटरनेट, त्याच्यावरच मैत्रीण. तिचा आवाज वरून यायचा, मागं सनई, आणि मी कापसात मांडी घालून वर तोंड करून तिच्याशी बोलायची.

लॅपटॉप कापसावर ठेवताच मोठी माय ओरडली, "आग लावतं का वं घराले? गरम होते ते!" तिनं पितळी परात उपडी घातली, त्यावर लॅपटॉप ठेवला. मी लायब्ररी टाकायची आज्ञा दिली, आणि पडदाभर लाल अक्षरं उतरली. शंभर ओळी असतील. वाचून दाखवायला लागले.

"सगळं नको वाचू," आढ्यातून आवाज आला. "शेवटचं वाच. हां. तुझं पायथॉन, म्हणजे प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय ती, फार नवीन आहे गं. त्याच्यासाठी तयार लायब्ररी अजून निघाली नाही, म्हणून ते घरीच घडवायला बघतंय आणि तुझ्याकडं हत्यारं नाहीत. जुनं पायथॉन टाक."

"नव्याला नाही चालत, जुन्याला चालतं?"

"हो."

"हे ऑफिसला सांगायला पाहिजे."

जुनं उतरायला तास लागला. निळी पट्टी इतकी हळू सरकत होती की ती सरकते की माझी नजर, ते कळेना. मी तिथंच आडवी झाले. झोप नव्हे ती. कापूस अंगाखाली हळूहळू खचत जातो, कानांत भरतो, आणि आपण तुटक दोन रेघांच्या मधून चाललो आहोत, रेघा संपतच नाहीत, असं काहीतरी. जागी झाले तेव्हा मोठी माय पायथ्याशी बसून कापसाला लागलेला कचरा वेचत होती आणि पडद्यावर लिहिलं होतं की लायब्ररी बसली.

प्रोग्रॅम चालवला. एकच ओळ आली. पृथ्वीवरची जागा कागदावर कशी उतरवायची याचं कोष्टक असलेली एक फाइल लागते, ती सापडत नाही म्हणे.

"बघ, आहे का तिथं," मैत्रीण म्हणाली.

मी फोल्डर उघडला. फाइल होती. "आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"पुन्हा टाक सगळं."

पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. फाइल आहे, मी तिच्याकडं बोट दाखवते आहे, आणि यंत्र म्हणतं, नाही. माझं डोकं फिरलं. वाट आहे, चाकोऱ्या आहेत, बोरी आहेत, आणि बाबू म्हणतो नाही! सगळे एकाच शाळेत शिकलेत काय? संध्याकाळपर्यंत चार वेळा टाकून झाली, आणि मैत्रिणीला हळदीला बोलावलं.

रविवारी सकाळी ती पहिल्यांदा वेगळं काही म्हणाली. "तो पत्ता वाच बरं. फाइल कुठल्या कुठल्या फोल्डरात आहे ते, पहिल्यापासून."

मी वाचत गेले. सी, मग यूजर्स, मग मायबोली...

"काय? थांब. ते मराठीत लिहिलंय?"

"मग कशात लिहिणार?"

ती इतकी हसली की तिकडं कोणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलं. झालं होतं असं. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदार खात्याला इंग्रजीत नाव घालत होता. मी त्याला थांबवलं. शाळेत तेलुगू, ऑफिसात इंग्रजी, बाजारात हिंदी. निदान माझ्या स्वतःच्या यंत्रात तरी माझं अक्षर राहील, असं भाषण मी त्याला काउंटरवर ऐकवलं होतं. त्याच विषयावर माझं एक पत्रकही होतं. मग खात्याचं नाव मायबोली, आणि त्याच्या पोटात बाकी सगळं. लायब्ररीतला कुठलातरी एक जुना भाग देवनागरीपाशी येऊन उभा राही आणि पुढं जातच नसे.

"सी ड्राइव्हवर नवीन फोल्डर कर," मैत्रीण म्हणाली. "इंग्रजीत. एक अक्षर दे नुसतं. त्याच्यात टाक सगळं."

"नाही करणार."

"अगं, उद्या पेशी आहे!"

"मग ज्यांनी केलं त्यांनी दुरुस्त करावं. जगभर नक्शे काढतात आणि आपलं अक्षर दिसत नाही? आपण दरवेळी काऊन वाकायचं?"

मोठी माय भाकरीचं पीठ हातालाच घेऊन दारात आली. "काऊन भांडून राह्यली वं? कोणाशी?"

मी तिला सांगितलं. फाइल हाये, पण रस्त्यात मराठी अक्षर लागते, ते याले वाचता येत नाही, म्हणून म्हणते फाइलच नाही.

"वाचता येत नाही त्याले?"

"नाही."

"मले कुठं येते?" ती म्हणाली. "माह्याशी भांडली का तू कधी? अर्जी वाचून दाखवतंच ना मले. त्यालेबी दाखव त्याच्या अक्षरात. माह्या मानीचा विचार कर जरा."

तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण ती पुढचं ऐकायला थांबत नाही. ती चुलीकडं गेली. मी फोल्डर केला. एक अक्षर दिलं. अजूनही मला ते पटलेलं नाही आणि लायब्ररी करणाऱ्यांना मी तसं खरमरीत पत्र लिहिलं आहे.

आणि नक्शा उघडला. आधी जुन्या नक्शाचं पिवळट कापड, मग नाला, मग त्या तुटक दोन रेघा, आणि त्यांच्या मधोमध आमच्या चालण्याची लाल रेघ, नाल्याकडून शेताकडं. तीच पांदण. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. जो कोणी निजामाचा माणूस मोजणीची साखळी घेऊन इथून गेला असेल, तो आणि मी एकाच जागी पाय ठेवत होतो, मधली सगळी माणसं गळून गेल्यासारखी.

फक्त दोन ठिकाणी लाल रेघेला गाठ पडली होती. बारीक, गोल.

"तो मोबाइलचा घोळ असेल," मैत्रीण म्हणाली. "सरळ करून टाकू का? ऑफिसात बरं दिसेल."

"घोळ काय त्याच्यात?" मोठी माय वाकून बघत म्हणाली. "नाल्यावरच्या आसरा हाये त्या. अन् ही वरची, बोरीखालची. वळसा घेतल्याबिगर जाते का कोणी? तूबी घेतला."

मी? मी देवाधर्मावर दोन पत्रकं लिहिली आहेत, दोन्ही विरोधात. पण रेघ माझी होती. बोलता बोलता, फोन हातात धरून, जलदेवतांच्या त्या शेंदूर लावलेल्या दगडांना उजवी घालून मी गेले होते आणि मला पत्ताही नव्हता.

"राहू दे," मी म्हटलं.

सोमवारी गिरदावर सारूंनी, म्हणजे जागेची पाहणी करणाऱ्या महसूलच्या माणसानं, आम्ही छापून नेलेला तो कागद खिडकीशी नेऊन पाहिला. तार ठोकणारा शेजारीच उभा होता. "ये लोगां एक दिन चलके आए, फोटू बना लिए," तो म्हणाला.

सारूंनी गाठींवर बोट ठेवलं. "इदेंटि? ये गाँठ काय को?"

मोठ्या मायनं सांगितलं. मी गप्प बसले, जे मला जमत नाही.

मंगळवारी ते स्वतः आले. तारेखालून वाकले, टोपी सांभाळत. पहिल्या आसरांपाशी त्यांनी बुटानं माती उकरून पाहिली. दगडांभोवती पायवाटेचं कडं होतं, खळ्यासारखं टणक, गवताचं पातं नाही. एका दिवसात असं होत नाही हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि तार काढायला सांगितली. कापूस निघेपर्यंत. कायमचं वरून ठरेल.

"कापूस निघेपर्यंत?" मी म्हटलं. "तात्पुरतं? जुना नक्शा आहे, रेघ आहे, अजून काय..."

"पोरी," मोठी माय म्हणाली, "आधी गाडी जुंप. मग कर भांडण."

तार गुंडाळेपर्यंत ती बैल घेऊन आलीसुद्धा. मी वर चढले. चाकं चाकोऱ्यांत आपसूक बसली. पलीकडं शेत पांढरं होतं, उन्हात नजर ठरत नव्हती, आणि मोठी माय वेचलेला कापूस टाकायचा ओटा कमरेला बांधत गाडी थांबायच्या आतच खाली उतरली.