होस्टेलची काळी पोत

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, भंडाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात माझी पहिली स्त्रीरोग तपासणी झाली. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पाळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, तरी थांबत नव्हती.

त्याआधी कॉलेजात एका डॉक्टरबाईंनी मुलींना अशा तपासणीची माहिती दिली होती. बाहेर सायकल स्टँड होता, म्हणून खिडक्या बंद ठेवल्या होत्या. लग्न झालं नसेल तर ते टेबलावर झोपण्याआधी सांगा, मग आतून न तपासता वरून पोट दाबून तपासतात, असं त्यांनी सांगितलं. नको वाटलं तर थांबा म्हणा, तो तुमचा हक्क आहे, असंही. प्रश्न लिहायला चिठ्ठ्या वाटल्या. सगळ्या कोऱ्या परत आल्या.

आमच्या होस्टेलमध्ये खिळ्याला एक काळी पोत टांगलेली असे. खोट्या मण्यांचं मंगळसूत्र. बायकांच्या डॉक्टरकडे जाणारी मुलगी ती घालून जाई, कारण बिनलग्नाची पोरगी त्या बाकावर दिसली की लोक एकच अर्थ काढत. माझ्या घरी तसं कळलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. वडिलांनी प्रवेश घेतानाच ते सांगून ठेवलं होतं.

"घाल," खोलीतली मैत्रीण म्हणाली. "पण येताना नवरा नको आणू वं, कॉट एकच हाये."

दवाखान्यात बाकावर आमच्या गावची, कोंढ्याची एक बाई बसली होती, आमच्या घरापासून चार घरं पलीकडची. पोत दिसली तर मी चोरून लग्न केलं असं ठरणार होतं आणि काढली तर दुसरं काही. मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घेतली. ती आईची तब्येत विचारत राहिली. मी डोकं दुखतं म्हणून आले, असं सांगितलं. डोक्याचा डॉक्टर समोरच्या गल्लीत बसतो, असं ती म्हणाली.

माझा नंबर आला. तपासणीचं टेबल आणि बाक यांच्यात फक्त पडदा होता. नर्सनं ओढणी काढायला लावली, पोत पाहिली आणि लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. मी एक म्हणाले. तिनं सलवार काढून झोपायला सांगितलं. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. या डॉक्टर वेगळ्या होत्या, कॉलेजात आलेल्या नव्हेत.

"थांबा," मी म्हणाले. "माझं लग्न झालं नाही."

"काय? मोठ्यानं बोल."

मी पुन्हा सांगितलं. पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं.

"मग गळ्यात हे काय आहे?"

"होस्टेलचं आहे."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. पोट वरून दाबून पाहिलं, सोनोग्राफी सांगितली, गोळ्या लिहून दिल्या. मी ओढणी घेऊन बाहेर आले तेव्हा कोंढ्याची बाई उठून उभी होती. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"पोत काढून जाय," ती हळूच म्हणाली. "एसटीत आपल्या गावचे लोक रायतेत."

गोळ्यांनी पाळी थांबली. त्यानंतरच्या रविवारी वडील होस्टेलच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. निरोप पाठवला की सामान घेऊन खाली ये. त्यांना कोणी सांगितलं, ते मला कळलं नाही. एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, मी मागे.

बी.ए.ची उरलेली वर्षं मी कोंढ्याहून, बाहेरून परीक्षा देऊन पूर्ण केली.