पाठमोरी वहिनी

त्या काळी नागपुरात मला नावानं ओळखणारे फार थोडे होते, पण माझ्या बायकोच्या पाठीला निम्मं शहर ओळखत होतं. यात फुशारकी आहे हे मला कळतं. ती मी बारा वर्षं मनसोक्त मारून घेतली, म्हणून आता खरं काय ते सांगून टाकतो.

एका मराठी दैनिकाच्या पहिल्या पानावर, खाली उजवीकडे, दोन कॉलमांची एक चौकट माझी होती. तीत रोज एक नवरा आणि एक बायको. नवरा खुर्चीत, हातात पेपर, नाक लांब, चष्मा त्या नाकावरून घसरलेला. बायको ओट्याशी उभी, आपल्याकडे पाठ करून. मोठा अंबाडा, कमरेला खोचलेला पदर, भाकरी थापताना बाहेर आलेलं कोपर. नवरा पेपरातलं काहीतरी वाचून दाखवायचा आणि ती मागे न वळता त्याला एका वाक्यात गार करायची. लोक तिला ‘पाठमोरी वहिनी’ म्हणायचे. पानठेल्यावर लोक चौकट आधी वाचायचे आणि मथळे नंतर, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्थात मी पानठेल्यावर त्यासाठीच उभा राहायचो.

ही चौकट काही एकदम सुचली नव्हती. साठच्या दशकात मी चित्रं काढायला लागलो तेव्हा मला देश सुधारायचा होता. माझ्या चित्रात एक अक्राळविक्राळ राक्षसीण असायची, तिच्या पोटावर ‘महागाई’ लिहिलेलं, शेपटीवर ‘भ्रष्टाचार’, पायाखाली ‘जनता’, आणि लांब आभाळात एक ढग, त्यावर ‘आश्वासने’. संपादकांनी असं एक चित्र हातात धरून दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे चित्र आहे का दुकानाची पाटी?” मी आठवडाभर त्यांच्यावर रागावून होतो. मला राग लवकर येतो आणि जायला त्याला घाई नसते.

खरं शहाणपण मला शिकवलं ते ब्लॉक करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं. तेव्हा चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि नको तो भाग ॲसिडनं खाऊन टाकायचे. माझ्या रेघा इतक्या बारीक असायच्या की ॲसिड त्याही खायचं. राक्षसीण छापून यायची ती टक्कल पडलेली. शेवटी तो मला म्हणाला, “साहब, लकीर कम मारो, मोटी मारो.” मी रेघा कमी करत गेलो. राक्षसीण गेली, ढग गेला, पाट्या गेल्या, आणि उरली दोन माणसं. ती घरातलीच होती, कारण तोवर माझं लग्न झालं होतं.

धरमपेठेत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. सकाळचा उजेड फक्त स्वयंपाकघरात यायचा, म्हणून माझं टेबल तिथं. चित्र काढणाऱ्याला उजेड डाव्या हाताकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडते. त्यामुळे टेबलाला एकच जागा उरली, ती म्हणजे ओट्याच्या बरोबर मागे. मी कोराडीच्या वीज केंद्रात भांडारात कारकून होतो. सात वाजता स्टाफची बस चौकात यायची, आणि बसच्या वाटेवरच वर्तमानपत्राचं ऑफिस होतं. म्हणजे साडेपाच ते पावणेसात एवढ्या वेळात माझी कला व्हायची. मी पेपर वाचत बडबडायचो, ती डब्याच्या भाकरी थापत उत्तरं द्यायची, आणि माझा हात चालायचा.

एकदा मी म्हणालो, “सरकार म्हणतं, रॉकेलची टंचाई नाही.”

ती म्हणाली, “मंग सरकारलेच पाठवा न जी रांगेत.”

झालं चित्र. दुसऱ्यांदा ऐन मे महिन्यात वीज गेली आणि मी वैतागून ओरडलो, “ही लाईट जाते तरी कुठे?” ती म्हणाली, “तुमच्याच हापिसात पाहा, तथीच असन.” ते चित्र कोराडीत सहा टेबलांवर काचेखाली लागलं, आणि साहेबांनी आठ दिवस माझा नमस्कार घेतला नाही. ती वऱ्हाडातल्या शेतकरी घरातली. तिचं बोलणं मी छापताना जरा धुऊन पुसून घ्यायचो. ‘काहून’चं ‘का बरं’ करायचो, म्हणजे पुण्याच्या वाचकालाही कळावं. पुण्यात आमचा पेपर जातच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

डबा हातात देताना तिच्या नाकाला रोज ज्वारीचं पीठ लागलेलं असायचं. मी म्हणायचो, “नाक पूस.” ती पदरानं पुसायची. मी सायकलवर टांग टाकायचो, पेपरच्या ऑफिसात खिडकीतून चित्र आत द्यायचो आणि बस गाठायचो. संध्याकाळी कॉलरवर कोराडीची राख घेऊन घरी. असा संसार उत्तम चालला होता.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंकडे माझी बायको गेली. तिनं उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या, “अगंबाई! वहिनींना समोरची बाजू पण आहे तर!”

सगळ्या बायका हसल्या. ही पण हसली म्हणे. तिळगूळ घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळी बोलणं बंद केलं.

भांडण नव्हतं. भाकरी वेळेवर, डबा भरलेला, “मीठ संपलं” वगैरे कामापुरतं बोलणं चालू. पण मी पेपर वाचून दाखवला की ओट्याकडून फक्त भाकरी थापल्याचा आवाज. टाळी वाजवणाऱ्या बाईंचा किस्सा मला दुसऱ्याच कुणाकडून कळला, आणि मी माझ्या अकलेनं निष्कर्ष काढला की चारचौघींनी ओळखलं म्हणून ही चिडली. मला वाटलं, आपण मोठं मन दाखवावं. मी चौकटीतून वहिनीला काढूनच टाकलं आणि तिला न विचारता, न सांगता स्वतःवर खूश झालो.

वहिनीच्या जागी मी नवऱ्याला एक मित्र दिला. तो फार बोलायचा. मग एक पानठेलेवाला दिला. मग एक कुत्रा दिला. कुत्रा बरा जमला होता, पण त्याला विनोद सुचत नव्हते, आणि खरी गोष्ट अशी की मलाही सुचत नव्हते. बारा वर्षं मी जे विनोद ‘माझे’ म्हणून मिरवले ते ओट्याकडून येत होते. माझं काम नुसतं टिपून घेण्याचं. हे मला एका सकाळी, कोऱ्या कागदासमोर, हातातला टाक वाळत असताना कळलं.

वाचकांची पत्रं यायला लागली. ‘वहिनी माहेरी गेल्या काय?’, ‘वहिनींना बाळंतपणासाठी पाठवलं असल्यास पेढे कुठे?’ संपादकांनी मला बोलावून घेतलं. मुंबईहून एक तयार चित्रमालिका मिळत होती, ब्लॉकसकट, वर्षभराची एकदम. ते सरळ माणूस होते. म्हणाले, “होळीपर्यंत वाट पाहतो. वहिनींना परत आणा, नाहीतर चौकट त्या मुंबईवाल्यांना देतो. मला वाईट वाटेल, पण देईन.”

ती चौकट गेली असती तर मी उपाशी राहिलो नसतो, पण माझ्यात कारकुनाशिवाय काही उरलं नसतं. मला भीती वाटली. भांडारातली नटबोल्टची खोकी मोजताना मी दिवसभर एकच गोष्ट मनाशी बोलत होतो, की आज घरी जाऊन विचारायचं.

संध्याकाळी विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

“मी तुझं चित्र काढतो म्हणून तू रागावली का वं?”

“काढता म्हणून काहून रागावीन?” ती म्हणाली. ताट तिनं बाजूला ठेवलं. “बारा वर्षं झाले जी. रोज काढून राहिले. एक दिवस तोंड नाही काढलं. इतकं वाईट आहे काय माह्यं तोंड?”

मी तयारच होतो. तिला जस्ताचा पत्रा समजावला, ॲसिड समजावलं, बाईच्या चेहऱ्यावरच्या रेघा बारीक असतात आणि त्या ॲसिड खाऊन टाकतं हेही समजावलं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमचं नाक नाही खात ते?”

मी तडक टेबलाशी बसलो. म्हटलं, आत्ता काढून दाखवतो, त्यात काय एवढं. पहिला चेहरा काढला तो माझ्या आईसारखा झाला. दुसरा झाला कॅलेंडरवरच्या लक्ष्मीसारखा. तिसऱ्याला माझंच नाक आलं. चौथा तिच्यापुढे धरला तर तिनं दिव्याखाली धरून पाहिला आणि शांतपणे विचारलं, “ही कोण बाई?”

मला लाज वाटली. समोर बसलेल्या बायकोकडे बघून काढलेलं चित्र तिचं नव्हतं, कारण समोर बसून ती जे तोंड करत होती ते पाहुण्यांसमोरचं होतं. तिचं रोजचं तोंड कसं असतं ते मला माहीतच नव्हतं. पाठीवरचा कुठला हूक कधी तुटतो ते मी सांगू शकलो असतो.

रविवारी मी टेबल हलवलं. वाटतं तेवढं सोपं नव्हतं. एक पाय विटेवर होता, मागे पिठाचा डबा, बाजूला माठाची तिवई. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ते ओढत नेऊन ओट्याच्या टोकाशी, खिडकी आणि माठ यांच्या मधे कोंबलं. आता मला ती समोरून दिसत होती. उजेड मात्र उजव्या हाताकडून आला. कागदावर माझ्या हाताची सावली पडली, ती पुढे त्या घरात असेपर्यंत पडत राहिली. माठातलं पाणी कोपर लागून दोनदा सांडलं.

सोमवारी पहाटे पेपर उघडून मी वाचलं, “कॉर्पोरेशन म्हणतं, उद्यापासून नळाला दोन वेळा पाणी.”

आणि पाहत राहिलो. आधी तिची डावी भुवई वर गेली, नुसती डावी. मग खालचा ओठ दातांत गेला, हसू दाबायला. मग पिठाचं बोट वर करून तिनं आपल्या नाकावरचा, नसलेला, चष्मा वर सरकवला. हुबेहूब मी. माझ्यासारखी मान वाकडी करून, माझ्यासारखं “हं” करून. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की मी आता मागे नाही, समोर आहे, आणि बोट नाकावरच थांबलं. नाकाला पीठ लागलेलं.

बारा वर्षं ती रोज सकाळी माझी नक्कल करत होती. ते पीठ त्या नकलेचं होतं. मी रोज तिला नाक पूस म्हणालो आणि पीठ तेवढं पाहिलं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. ती पण हसत सुटली, आणि तव्यावरची भाकरी जळली.

ते चित्र मी होळीच्या दोन दिवस आधी दिलं. त्यात नवरा पाठमोरा होता. त्याचा फक्त पेपर आणि टाळू. त्याचं एक वाक्य, नळाला दोन वेळा पाणी येणार म्हणून. ती समोर, सात जाड रेघांत, डावी भुवई वर, नाकावर पिठाचा पांढरा ठिपका. संपादकांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. “वहिनींचं वाक्य लिहायचं राहिलं,” ते म्हणाले.

“राहिलं नाही. भुवई पाहा.”

त्यांनी पाहिली. मग ते हसले आणि मुंबईच्या चित्रमालिकेचं पाकीट त्यांनी खणात टाकलं. ब्लॉकवाल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली, “अब समझे.” पुढे वहिनी बोलली तेव्हा ‘काहून’ म्हणाली, आणि कुणाची तक्रार आली नाही.

छापून आलं त्या सकाळी मी पेपर तिच्यापुढे धरला. हात पिठाचे, म्हणून तिनं तो घेतला नाही, वाकून पाहिला. बराच वेळ पाहिला. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं.

“असं आहे माह्यं तोंड?”

“असंच आहे.”

तिनं परत एकदा पाहिलं. “मंग बरं आहे,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे सरळ बघत, अजिबात न लपवता, तिनं पिठाच्या बोटानं नाकावरचा चष्मा वर सरकवला.

त्या दिवशी डबा घेताना मी तिला नाक पूस म्हणालो नाही.