पारड्यात सापडलेली झाकणं

बाबांच्या मोटारसायकलच्या प्रत्येक चाकाला एका बाजूने ब्रेक होता आणि दुसऱ्या बाजूने हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, झाकणारं एक गोल, चकचकीत झाकण. आकाराने फराळाच्या ताटलीएवढं. ते नसलं तरी गाडी चालते. आमची तर बरीच वर्षं चालली. पुढच्या चाकाचं झाकण पावसाळ्यात नाल्यावरच्या एका रपट्यावर निखळून वाहून गेलं आणि मागच्या चाकाचं आरमोरीच्या बसस्टँडवरून कुणीतरी काढून नेलं. दोन्ही वेळा बाबांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा सत्कार ठरला आणि ती झाकणं आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होऊन बसली.

बाबा ढोरांचे डॉक्टर म्हणून ओळखले जात. खरं तर ते डॉक्टर नव्हते. पशुवैद्यकीय दवाखान्यात पर्यवेक्षक होते, डॉक्टरांच्या हाताखालचे. पण डॉक्टरांची बदली होऊन नवे डॉक्टर येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जायचं, आणि आलेले डॉक्टर जंगलातल्या गावांत जायचे नाहीत. बाबा जायचे. तीस वर्षं त्यांनी त्या गाडीवरून बैलांना टोचलं, अडलेल्या गायी सोडवल्या. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना एक नारळ दिला. तोही निम्मा सुकलेला निघाला.

त्यामुळे छापील पत्रिका आली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. पत्रिकेवर बारा पाहुण्यांची नावं होती, मानाप्रमाणे उतरत्या टायपात. सत्कारमूर्ती तेराव्या क्रमांकावर, ‘भोजनाची व्यवस्था केली आहे’ या ओळीच्या जरा वर, आणि त्या ओळीपेक्षा लहान अक्षरांत. नावाआधी ‘गोसेवेचे महामेरू’ असं लावलं होतं. मी हसलो. बाबा हसले नाहीत. सत्कार समितीचा अध्यक्ष होता वनोपजाचा एक मोठा व्यापारी. त्याला सगळे नुसतं शेठ म्हणत. त्याचीच कल्पना होती की बाबांनी त्यांच्या जुन्या मोटारसायकलवरून मंडपात यावं.

“जाईन त गाडीवरच जाईन,” बाबा म्हणाले, “अन् गाडी पुरी पायजे. अशी नागवी नाई.”

“चाकाकडे कोण पाहणार आहे, बाबा?”

“मी पायतो ना.”

कार्यक्रमाला वीस दिवस होते. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना मानाने बोलावत होतं, आणि झाकणं मिळाली नाहीत तर ते जाणार नव्हते. त्यांचा हट्ट मला ठाऊक होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. शोध माझ्याकडे आला.

गाडी बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. आरमोरीतले आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा गाव उस्ताद म्हणायचा, त्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, “सर, ये माडल के झाकण अब कबर में मिलेंगे. दोन ताटल्या आणा, ठोकून बसवून देतो. डॉक्टरसाबले समजणार बी नाई.”

बाबा मागेच उभे होते. उस्तादांनी चष्मा पुसायला घेतला.

मग मी चंद्रपूरला गेलो. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसाने मला झाकणाऐवजी नव्या गाडीच्या हप्त्यांचा कागद दाखवला. दुसऱ्याने विचारलं, हे झाकण लागतं कशाला? मी म्हणालो, सत्काराला. त्याने मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि पुढे माझ्याशी फार सांभाळून बोलला. वरोऱ्याला एका भंगारवाल्याकडे ढिगाऱ्यात अर्धा दिवस उकरलं. तिथे त्या गाडीचं हँडल होतं, टाकी होती, सीटचा सांगाडा होता. झाकणं मागच्याच महिन्यात वितळायला गेली होती. “ॲल्युमिनियम टिकत नाई भाऊ,” तो म्हणाला. “ह्या गाड्या तिकडे जंगलातल्या कंत्राटदारायपाशी लय होत्या. तिकडेच पाहा.”

म्हणून मी कोरचीच्या वाटेवरच्या एका गावी आठवडी बाजाराला गेलो. सायकल दुरुस्त करणाऱ्याला विचारायचं, एवढाच बेत होता. त्याच्यापर्यंत पोचायची गरजच पडली नाही. बाजाराच्या तोंडाशी, ताडपत्रीच्या सावलीत, शेठ स्वतः चारोळी घेत बसला होता. बाजाराच्या दिवशी तो नोकरांवर भरवसा ठेवत नसे. त्याच्या हातातल्या तराजूची दोन्ही पारडी म्हणजे मी शोधत होतो तीच झाकणं होती, कडेला भोकं पाडून दोऱ्या ओवलेली.

हंगाम चारोळीचा होता. जंगलातून बाया टोपल्या घेऊन येत आणि शेठ त्यांना मीठ देई. वजनाचे दगड नव्हतेच. एका पारड्यात मीठ, दुसऱ्यात चारोळी, काटा मधे आला की सौदा पुरा. जितकं मीठ तितकी चारोळी. शहरात चारोळी कोणत्या भावाने जाते हे मला माहीत होतं, आणि मीठ कोणत्या भावाने येतं हेही. या प्रकारावर मी वर्गात एक तास घेत असे, आणि तो इंग्रजांच्या काळातला म्हणून शिकवत असे.

आणखी एक रीत मी त्या दिवशी पाहिली. शेठ रिकामा तराजू कधीच उचलत नव्हता. एक सौदा झाला की चारोळीचं पारडं पोत्यात उलटायचा, मीठ बाईच्या पदरात ओतायचा आणि तराजू खालीच ठेवून त्या पारड्यात पुन्हा मीठ भरायचा. पुढच्या बाईच्या टोपलीतली चारोळी आली की मगच तराजू वर. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “रिकामी तागडी वर केली का लक्ष्मी जाते, सर. आमच्या आज्यापासून आहे हे.” समोर बसलेल्या बायांनी माना हलवल्या. त्यांनाही ते पटलेलं दिसलं.

मी त्याला झाकणांचं सांगितलं.

“हे?” त्याने पारडं बोटाने हलवलं. “घ्या की. डॉक्टरचा सत्कार अन् मी तराजू धरून बसू का?” हे तो बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. “फक्त मले कायी तरी द्या बदल्यात. धंदा खोळंबून राह्यला.”

भांड्यांच्या दुकानातून मी स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या आणल्या. शेठने दोऱ्या सोडल्या, झाकणं माझ्या पिशवीत टाकली. रांगेत पुढे बसलेली एक म्हातारी बाई मोठ्याने हसली. नव्या कोऱ्या ताटल्या देऊन जुनी झाकणं नेणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाला ती हसते आहे, असं मला वाटलं. मलाही थोडं हसू आलं. इतक्या दिवसांतला तो पहिला आनंद होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा आणि मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी पिशवीतून दोन्ही झाकणं काढली, दोन हातांवर ठेवली आणि थांबले.

“सर, हे जोडी नाई.”

“माप एकच आहे.”

“माप एक आहे. हे साच्यात ओतलेलं ॲल्युमिनियम, तुमच्या गाडीचं. हे दुसरं नंतरच्या माडलचं, लोखंडी पत्र्याचं, वरतून क्रोम. धरून पाहा.”

बाबांनी धरून पाहिलं. त्या हातांनी त्यांनी आयुष्यभर वासरांची वजनं अंदाजाने सांगितली होती आणि त्यावरून औषधाची मात्रा ठरवली होती. बाजारातला सौदा मी त्यांना सांगितला होता. त्यांनी हात दोनदा बदलले. मग मला विचारलं, “मीठ कोणत्यात होतं?”

मला आठवत होतं. मीठ जास्त चमकणाऱ्यात होतं. क्रोमच्या, जड झाकणात.

“याच्यात,” मी म्हणालो.

उस्तादांनी जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. रिकामी तागडी का उचलायची नाही हे मी दोघांनाही समजेल असं सांगू लागलो, पण सांगायला काही उरलंच नव्हतं. मीठ जड पारड्यात, म्हणजे रिकामी तागडी उचलली तर तिकडेच झुकणार, आणि काटा मधे यायला दर सौद्यात तेवढी चारोळी जास्त लागणार. किती हंगाम, कुणाला ठाऊक. शेठने झाकणं इतक्या सहज का दिली हेही मला तिथेच कळलं. दोन सारख्या ताटल्या असमान करायला फार वेळ लागत नाही. एका ताटलीच्या बुडाला लाखेचा गोळा लावला की झालं.

“बसवू का, डॉक्टरसाब?” उस्तादांनी विचारलं.

बाबा चाकाकडे बघत राहिले. मला वाटलं ते नाही म्हणतील. मी तसं वाटून घेतलं, कारण मग ‘नको’ म्हणायची वेळ माझ्यावर आली नसती.

“बसव,” ते म्हणाले. “जड वालं मागं लाव.”

कार्यक्रम दुपारी दोनचा होता, मे महिन्यात. मुख्य पाहुणे साडेचारला आले. मंडप भरलेला दिसावा म्हणून शेठच्या टेम्पोंनी गावोगावच्या बाया आणून बसवल्या होत्या. बाबा गाडीवरून आले तेव्हा टाळ्या झाल्या आणि गाडी मंचाशेजारी उभी राहिली. मागच्या चाकाचं क्रोम उन्हात खरोखरच चमकत होतं. बारा पाहुणे मानाप्रमाणे बोलले. त्यांतल्या दोघांना बाबा माणसांचे डॉक्टर वाटले. शेठने शाल घातली आणि ‘जंगलातल्या भोळ्या माणसांशी आपण बरोबरीच्या नात्याने वागलो’ असं भाषण केलं. ‘आपण’ म्हणताना त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मग माईक बाबांच्या हातात आला. मी तिसऱ्या रांगेत होतो. ते आता मिठाच्या पारड्याचं बोलतील असं मला वाटत होतं, भीतीने की आशेने ते आजही सांगता येत नाही. बाबांनी समितीचे आभार मानले. पावसाळ्याआधी जनावरांना घटसर्पाची लस टोचून घ्या, म्हणाले. आणि बसले.

जेवणाच्या गर्दीत आम्ही गाडीपाशी आलो. बाजारात हसलेली ती म्हातारी बाई मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. तिने झाकणावर बोटाने टिचकी मारली.

“डॉक्टर, हे त मिठाचं पारडं व्हय ना?”

“तुले माहीत होतं?” बाबांनी विचारलं.

“आमाले सगळ्यायले माहीत हाये. जड हाये हे.”

“मंग कधी बोलल्या काऊन नाई?”

तिने मान वर करून त्यांच्याकडे, मग त्यांच्या शालीकडे पाहिलं. आवाजात राग अजिबात नव्हता.

“बोललो असतो त मीठ कोन देल्लं असतं? तुमी काऊन नाई बोलले? माईक त तुमच्याच हाती होता.”

ती उठली आणि टेम्पो सुटायच्या आत जेवायला गेली. बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या आठवणीत ते त्या गाडीवर कधी मागे बसले नव्हते. त्या दिवशी बसले.

पुढे वर्षभर गाडी पडवीत उभी होती. एकदा मी झाकणं काढून टाकू का विचारलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “आता काढून कोणाले दाखवतं?”