मागच्या विमानाची वाट

गावात जो भेटतो तो मला एकच विचारतो. पैसे आले का. बायको जाऊन वर्ष व्हायला आलं, तिचं कोणी काही विचारत नाही. विमान कंपनीनं दिले का, किती दिले, खात्यात आले का हातात, हे मात्र सगळ्यांना पाहिजे. पालमच्या बाजारात एकानं मला थांबवून विचारलं, अर्ज कसा करायचा, त्याच्या साडूचं बी विमान असंच रद्द झालं होतं. मी म्हणलो, साडूची बायको जिवंत हाय का. तो म्हणला, हाय की. मी म्हणलो, मंग जा घरी.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला लागलो की लोक मधीच पैशावर येतात, म्हणून कागदावर सांगतो.

माझी लेक बेंगलोरला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे होतं. पण माझ्या बायकोचं हृदय कमजोर झालेलं, चूल ते अंगण गेली तरी धाप लागायची. बाळंतिणीचं कोण करणार, म्हणून लेक तिकडंच राहिली. मुलगी झाली. बारशाला माहेरचं कोणीतरी जायलाच पाहिजे, बाळंतविडा न्यायला पाहिजे. ही म्हणली, तुमी जा.

"बारशात बाप्या माणूस काय करील?" मी म्हणलो.

"काय करू नका. नुसतं बघून या अन् मला येऊन सांगा. फोनमधी लेकरू चपटं दिसायलंय."

मी रेल्वेनं गेलो. बारसं झालं अन् दुसऱ्याच दिवशी पुतण्याचा फोन आला. काकूला परभणीला दवाखान्यात ठेवलंय, तुमी निघा. मी म्हणलो, डॉक्टर काय म्हणतेत. तो म्हणला, डॉक्टर म्हणतेत, जवळच्या माणसाला बोलवून घ्या. रेल्वेनं एक दिवस जास्ती लागला असता. मंग पुतण्यानंच परभणीत बसस्टँडसमोरच्या एका दुकानातून माझं दुसऱ्या दिवशीचं बेंगलोर ते नांदेड विमानाचं तिकीट काढलं अन् जावयाच्या मोबाईलवर पाठवलं. त्या दुकानात झेरॉक्स, आधार, रेल्वे, विमान, सगळंच होतं. जावयानं तिकीट कागदावर छापून माझ्या हातात दिलं.

हिचा धाकटा भाऊ सोनपेठकडचा. तो तिच्या उशाला येऊन बसला होता. रात्री त्याचा फोन आला.

"दाजी, आक्का सारखी विचारायली, आले का म्हणून."

"सांग तिला, उद्या दुपारपर्यंत येतो. विमानानं यायलोय म्हणावं."

तो म्हणला, सांगतो.

सकाळी जावयानं मला विमानतळाच्या दारात सोडलं. बिगर तिकिटाच्या माणसाला आत जाऊ देत नाहीत, अन् घरी बाळंतीण एकटी, म्हणून तो माघारी गेला. आत काउंटरवर गर्दी उसळलेली. मी कागद पुढं केला. काउंटरवरची मुलगी म्हणली, "अंकल, ये फ्लाइट कॅन्सल है." मी म्हणलो, "कायकू?" तिनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं अन् मागच्या माणसाचा कागद घेतला.

आता इथं मी काय केलं ते नीट सांगतो, कारण पुढचा सगळा बोभाटा त्याच्यावरच झाला.

आमची लाल गाडी रस्त्यात बंद पडली की कंडक्टर सगळ्यांना खाली उतरवतो. मागून दुसरी गाडी आली की तिला हात करतो अन् आमाला तिच्यात घालून देतो. तिकीट तेच चालतं. नवं काढायचं नाही, कोणाच्या हातापाया पडायचं नाही. फक्त तिकीट फेकून द्यायचं नाही अन् कंडक्टरला नजरेआड होऊ द्यायचं नाही. जो भांडून पैसे परत घेतो त्याला कंडक्टर मागच्या गाडीत घेत नाही. पैसे घेतलेस ना, आता तुझं तू बघ. माझा सगळा जन्म असं जाण्यायेण्यात गेला. पालम, गंगाखेड, परभणी, कितीदा गाडी बंद पडली असंल, पण कंडक्टरनं रानात सोडून दिलं असं एकदा बी झालं नाही.

काउंटरपुढं लांब लाईन लागली. लाईनीतली माणसं रिफंड रिफंड करायली होती. तो शब्द मला कळतो. मला पैसे परत घ्यायचे नव्हते, मला जायचं होतं. म्हणून मी लाईनीत लागलो नाही. तिकीट हातात धरलं अन् त्या मुलीवर नजर ठेवून समोरच्या खुर्चीवर बसलो. ती उठली की मी उठायचो. एकदा ती आतल्या दारात गेली, मी दारापर्यंत गेलो.

तिथला शिपाई म्हणला, "चाचा, किधर?"

"उस बाई के पीछे."

तो हसला. बाजूच्याला सांगून परत हसला. मी तिथंच उभा राहिलो. ती बाहेर आली तसा तिच्या मागं येऊन परत बसलो.

मधी एकजण सगळ्यांना खाण्याचं कुपन वाटत आला. पॅटिस अन् रसाचा डबा. विमान थांबलं की खायाला द्यावं लागतं, तसा नियमच आहे म्हणे. तिकडं हिच्या तोंडाला ऑक्सिजन लावलेला अन् इकडं मला पॅटिस. मी कुपन खाली ठेवलं. कोणीतरी उचललं.

लाईन सरली. गर्दी पांगली. मागचं विमान काही आलं नाही. तवा नांदेडचे एक वयस्कर सरदारजी माझ्यापाशी आले. त्यांनी मला मघापासून बघितलं असंल.

"भाऊ, तुमी अजून हितंच? नंबर न्हाई लावला?"

"मला पैसे नको. मी मागच्या विमानानं जाणार हाय."

"मागचं विमान कुठलं आलं? त्याच लाईनीत हैद्राबादच्या विमानात जागा द्यायले होते. तिथून रस्त्यानं जायाचं. आता भरलं की ते."

"मला कोणी सांगितलं न्हाई."

"सांगितलं ना. माईकवर."

माईकवर सांगितलं असंल. इंग्रजीत सांगितलं असंल, हिंदीत बी सांगितलं असंल. तिथं माईक सकाळपासून बोलतच असतो. कंडक्टर येऊन खांद्याला हात लावून सांगतो, चला आजोबा, त्या गाडीत बसा. तिथं तसं कोणी नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, बायको दवाखान्यात हाय. तो माणूस माझा हात धरून काउंटरवर गेला. माझ्यापेक्षा म्हातारा, पण आवाज असा की सगळे वळून बघायले. म्हणला, माझी जागा यांना द्या, मी उद्या जातो. मुलगी म्हणली, जागा नावावर असती, बदलता येत न्हाई. उद्या या. सरदारजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला अन् गेले. त्यांचं विमान सुटत होतं.

मी जावयाला फोन लावला. लेकीपाशी शेजारीण बसवून तो येईपर्यंत दुपार टळली होती. मंग त्यानं मला त्याच्या गाडीत घातलं अन् आमी रस्त्यानंच निघालो. निम्म्या रस्त्यात मेव्हण्याचा फोन आला. तो एवढंच म्हणला, "दाजी, आता सावकाश या."

तिला गावाकडं आणून हिरवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. सवाशीण गेली, कुंकू नवऱ्यानं लावायचं, म्हणून सगळे माझ्यासाठी थांबले होते. कुंकू लावलं. शेवटचं पाणी तिच्या तोंडात भावानं घातलं होतं, दवाखान्यातच. ते मी घालायला पाहिजे होतं.

तेराव्याला मेव्हणा माझ्या तोंडावर बोलला नाही. पण जाताना फाट्यावर चार माणसांत बोलून गेला, "नातीच्या बारशात जीव रमला दाजीचा. बायको मरायली तरी निघंना झाले." ते माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो. मी सांगत फिरलो, विमान रद्द झालं. लोक म्हणायचे, मंग दुसरी माणसं कशी आली त्याच विमानाची? ती तर त्याच दिवशी आली नांदेडात. मी तिथून उठायचो.

लेकीनं कंपनीकडं तक्रार टाकली. तिनं मला कायदा समजावून सांगितला. विमान रद्द करायचं तर आधी कळवायला पाहिजे. ऐनवेळी केलं तर पैसे परत का दुसरं विमान, हे प्रवाशानं ठरवायचं. वर भरपाई. पण वादळ, धुकं, संप असलं तर भरपाई नाही. अन् प्रवाशानं आपला मोबाईल नंबरच बरोबर दिला नसला तरी बी नाही. मी म्हणलो, भरपाई तू बघ. मला फक्त त्यांच्या तोंडून पाहिजे, या माणसाला आमी सांगितलं नव्हतं. तेवढं तुझ्या मामाला ऐकवायचंय.

लेक लय दिवस त्यांच्या मागं लागली. शेवटी त्यांनी कळवलं, अमक्या दिवशी आमचा माणूस फोन करील. मी पुतण्याला सोनपेठकडं पाठवलं. म्हणलो, मामाला म्हणावं, एकदा ये, ऐक, अन् मंग काय बोलायचं ते बोल. तो आला. ओसरीवर माझ्याकडं पाठ करून बसला. पुतण्यानं माझ्या फोनचा आवाज मोठा करून मधी ठेवला.

मराठी बोलणारा पोरगा होता. गोड आवाज.

"काका, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत."

"ते राहू द्या. मला आधी सांगितलं का न्हाई, तेवढं बोला."

"आमच्या रेकॉर्डप्रमाणे फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज पहाटेच गेलेला आहे. पोहोचल्याचंही दिसतंय."

मेव्हणा वळला. "ऐका. म्हणजे पहाटंच ठाऊक होतं."

पुतण्या फोनवर वाकला. "कोणत्या नंबरला गेला, ते वाचा." त्या पोरानं आकडे वाचले. पुतण्यानं आपल्या फोनात बघितलं अन् म्हणला, हा तर बसस्टँडवाल्या दुकानदाराचा. त्यानं कंपनीच्या पोराला थांबायला सांगितलं अन् ओसरीवरूनच आपल्या फोनवरून दुकानदाराला लावलं, त्याचा बी आवाज मोठा केला.

दुकानदार म्हणला, "सगळ्याच तिकिटाला माझाच नंबर टाकतो ना मी. ओटीपीसाठी गिऱ्हाइकाच्या मागं कुठं पळू? पहाटंचा मेसेज म्हणता, तवा मी झोपेत असंल. अन् असे दिवसाला ढीग येतेत." मंग आवाज खाली करून म्हणला, "कशा हायत आता काकू?"

पुतण्यानं फोन कापला.

कंपनीचा पोरगा सगळं ऐकत होता. तो म्हणला, ही चूक एजंटची, त्यामुळं नियमात भरपाई बसत नाही. पण माणुसकी म्हणून कंपनी एक व्हाउचर देईल. वर्षभरात कधीही, कुठंही जाता येईल.

"कुठंही म्हणजे कुठं?" मी म्हणलो.

"आमची विमानं जातात तिथं कुठंही, काका."

मी फोन बंद करायला सांगितला.

मेव्हणा जवळ सरकला. मंग म्हणला, "पहाटंचं सोडा. तिथं गेल्यावर तरी कळलं ना? बाकीची माणसं आली. तुमी तितका वेळ बसून काय केलं, दाजी?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकीलाही नाही. त्याला सांगितलं. लाईन, रिफंड, मागच्या विमानाची वाट, त्या बाईच्या मागं दारापर्यंत गेलो ते. तो हसंल असं वाटलं. हसला नाही.

"कोणी येऊन म्हणलं न्हाई, चला म्हणून?"

"न्हाई."

"मीबी बसलो असतो," तो म्हणला. मंग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली अन् जमिनीकडं बघत बोलायला लागला. "ती सारखी विचारायली, आले का, आले का. मला बघवंना. दुपारून मी म्हणलो, आक्का, इमान उतरलं नांदेडला. दाजी निघाले तिथून, आता येतेत."

"मंग?"

"मंग तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला. नर्स लावायला आली तर लावू देईना. म्हणली, त्यांच्याशी बोलायचं हाय, ह्याच्यात बोलता येत न्हाई. नर्स लावायची, ती काढायची. दाराकडं बघायची अन् काढायची. तसंच केलं तिनं. शेवटपर्यंत."

पुतण्या उठून आत गेला.

"शिव्या द्या मला, दाजी," तो म्हणला.

मी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तो माझी वर्षभर बदनामी करत फिरला ते कशापायी, हे मला तवा कळलं. माझ्यावर बोट असेपर्यंत त्याला स्वतःकडं बघावं लागत नव्हतं. त्याला माफ केलं असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर ओरडायला बी मला तोंड उरलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मी बी तिला तेच सांगितलं असतं.

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. लेकीचा फोन आला. आबा, व्हाउचर घ्यायचं का, त्यांना कळवायचंय. मी म्हणलो, नको. ती म्हणली, अन् तक्रार? ती मागं घेऊ का?

मी म्हणलो, चालू दे.

"काय मिळणार त्यातून, आबा?"

"काही न्हाई. पण त्यांच्या कागदात लिहिलंय की सांगितलं होतं. ते खोटं हाय."