हमीदभाईंचा शेवटचा तास

अन्याय झाला तो हमीदभाई खरादींवर (खरादी म्हणजे लेथवर काम करणारा). जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात, रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारचा भोंगा झाल्या झाल्या. फोरमनने त्यांचा डबा सगळ्या खात्यासमोर उघडला, आतली दही-खिचडी वर धरून दाखवली आणि म्हणाला, "हे बघा आमचे रोजेदार!" लढाईच्या घाईतही रोजेवाल्यांना संध्याकाळी लवकर सोडत होते. त्या दिवसापासून हमीदभाईंना सोडणं बंद झालं.

माझा मावसभाऊ बाळूदादा त्याच खात्यात फिटर. त्याने रेल्वेच्या गार्डाबरोबर नागपूरला निरोप धाडला आणि मी माझ्या कामगार-पत्रकासाठी कोरे कागद घेऊन निघालो. गोंदियाला छोट्या लाइनची गाडी धरली. अर्धा डबा फौजेच्या पेट्यांनी भरलेला. नैनपूरला एका शिपायाच्या कोपराने माझा चहा त्या कागदांवर सांडला. "माफ करना, नेताजी," तो हसत म्हणाला. सातपुड्याचं हिरवं जंगल खिडकीतून सरकत होतं आणि मी कागद वाळवत बसलो होतो.

जबलपुरात बड्या फुहाऱ्याच्या चौकातून टांगा कारखान्याच्या क्वार्टरांकडे वळला. दारातच वहिनी म्हणाली, "काहून रे, जेवून नाही राहिला का नागपुरात?" तिची भाकरी संपेपर्यंत बाळूदादाने मला बोलू दिलं नाही. मग हमीदभाईंकडे नेलं.

हमीदभाई वाळून काटकुळे झालेले. संग्रहणी जुनी आहे. दिवसातून कितीदा मशीन सोडून धावावं लागतं. रक्तही पडतं. पोटात थोडंथोडं जायला हवं, पाणी तुटता कामा नये, असं डॉक्टरने बजावलेलं. असं असून त्या अपमानानंतर शनिवारी त्यांनी पुरा रोजा धरला आणि लेथवरच कोसळले. मी पोचलो तेव्हा खाटेवर होते.

मी सरळ विचारलं, "आजाऱ्याला तुमच्या धर्मातच सूट आहे ना? मग काहून हा हट्ट?"

"सूट मिली है, भैया. जी नहीं भरा."

त्यांची बीबी पडद्याआडून म्हणाली, "फिदिया भी नहीं देते. कहते हैं, अगले साल अच्छा हो जाऊँगा."

फिदिया म्हणजे सुटलेल्या रोज्याबद्दल गरिबाला जेवू घालणं, आणि तो ज्यांना बरं होण्याची आशा उरलेली नाही त्यांच्यासाठी, हे बाळूदादाने मला हळूच सांगितलं. 

मग हमीदभाई स्वतःच बोलले. दिवसभर ते औषधासारखं चार-चार घास खातात, मशीनआड, रोजेवाल्यांकडे पाठ करून. पण असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की तोंडात थेंब नाही. तो एवढाच त्यांचा उपास. लवकर सुटून मशिदीच्या ओट्यावर सोबत्यांच्या दस्तरख्वानाशी (जेवणाच्या चादरीशी) बसायचं आणि अजान झाली की त्यांच्याबरोबर खजूर तोंडात टाकायचा. वर्षभर ते त्या तासाची वाट बघत.

"रोज़ा तो अल्लाह और मेरे बीच की बात है," ते म्हणाले. "लेकिन वहाँ मेरी जगह थी."

बाळूदादा उसळला, "अन् तो फोरमन गोरा नाही, हां! आपलाच मराठी. चतुर्थीला साबुदाण्याचा डबा आणतो, त्याचा कोणी उघडून पाह्यला का?"

संध्याकाळ उतरली. घरामागच्या त्या मशिदीच्या ओट्यावर माणसं जमू लागली. भज्यांचा वास आत आला. हमीदभाई उठून खिडकीशी बसले. बीबीने पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी हातानेच थांबवला. अजान झाली. त्यांनी अर्धा खजूर खाल्ला, अर्धा मला दिला. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं, तेव्हा हमीदभाईही हसले, इथूनच.

मग बीबीला म्हणाले, "मस्जिद की सीढ़ी पर जो बुढ़िया बैठती है ना, उसे बुला लो. खाना खिलाना है."

 हा फिदिया, हे ओळखून बीबीने पदर तोंडाला लावला. म्हातारी आली, पोटभर जेवली. हमीदभाई स्वतः वाढत होते.

निघताना मी पत्रकात नाव घालू का विचारलं. "डालो. लेकिन ये भी लिखना, रोज़ा मैंने छोड़ा नहीं."

परतीच्या गाडीत चहाचे डाग पडलेल्या त्या कागदांवर मी हे लिहिलं. पत्रकात मी नेहमी हक्क मागतो. या माणसाला सूट नको होती, त्याला ओट्यावरची जागा हवी होती. तीही त्याने मागितली नाही, म्हणून मी मागतो.

वाचकहो, तुमच्यातले कितीजण त्या कारखान्यात फोरमन, चार्जमन, बाबू आहात, मला ठाऊक आहे. पुढच्या रमजानात हमीदभाईंना असरनंतर सोडा. डबा उघडू नका, कारण विचारू नका. सोडा.